स्वस्ताईचा छेद

जी.आर.ई.चा हंगाम आला की होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एक शब्द हमखास कानावर पडतो. 'कॉस्ट ऑफ लिव्हिंग'! कॅलिफोर्निया नको रे बाबा, भाड्यातच मरशील. त्यापेक्षा अलाबामा, मिसिसिपी बघ, तिकडे सगळं स्वस्त. सल्ला देणाऱ्या सीनियरचं काही चुकत नाही. ज्याला विद्यापीठ स्टायपेंड देणार किंवा ज्याच्या बाबांनी इथल्या बँकेतून कर्ज काढलंय, त्याच्यासाठी स्वस्त गाव म्हणजे खरोखरच स्वस्त गाव. तो पैसा बाहेरून घेऊन जातो आणि तिथे खर्च करतो. पण जो माणूस तिथेच जन्मला, तिथेच कमावतो आणि तिथेच खर्च करतो, त्याला ते गाव स्वस्त असतं का?

मराठीत आपण 'स्वस्त' आणि 'परवडणारं' हे दोन शब्द बिनधास्त एकमेकांच्या जागी वापरतो. खरं म्हणजे स्वस्त किंवा महाग ही वस्तूची किंमत झाली. परवडणं हा अपूर्णांक आहे. अंशात खर्च, छेदात उत्पन्न. मेसचं बिल एकाच मजल्यावरच्या दोघांना सारखंच येतं, पण एकाला ते आठवतही नाही आणि दुसरा दहा तारखेपर्यंत मेस-सेक्रेटरीला चुकवत फिरतो. अंश पाटीवर लिहिलेला असतो म्हणून सगळ्यांना दिसतो. छेद कुणी विचारत नाही.

हा छेद विचारला तर काय होतं, ते बघायला अमेरिकेच्या दक्षिणेतली एक काउंटी घेऊ. अलाबामा राज्यातली लाउंड्स काउंटी. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्याची धाकटी बहीण. सेल्मा आणि राजधानी माँटगोमेरी ही दोन शहरं जोडणारा ८० नंबरचा हायवे हिच्यामधून जातो. १९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली मतदानाच्या हक्कासाठी जो प्रसिद्ध मोर्चा निघाला, तो याच रस्त्याने चालत गेला. त्या वर्षाच्या सुरुवातीला बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या या काउंटीत एकाही कृष्णवर्णीयाचं नाव मतदार यादीत नव्हतं. पुढे ज्यांनी नाव नोंदवायचं धाडस केलं, त्यांतल्या अनेक कुळांना जमीनमालकांनी घराबाहेर काढलं आणि ती कुटुंबं हायवेच्या कडेला तंबू ठोकून राहिली. हे इतिहासाच्या पेपरसाठी सांगत नाही. पुढे जमिनीचा मुद्दा येणार आहे, तेव्हा लागेल.

२०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या होती १०,३११. क्षेत्रफळ साधारण १,८५० चौरस किलोमीटर, म्हणजे आपले दोन तालुके. दोन तालुक्यांत मिळून एका मोठ्या गावाची वस्ती! घरं, जमीन, भाडं सगळंच देशाच्या मानाने कितीतरी कमी. 'स्वस्त ठिकाणं' अशी यादी कुणी फक्त घरांच्या किमतीवरून केली तर लाउंड्सचा नंबर वर लागायला हरकत नाही. आता छेद बघा. इथल्या कुटुंबाचं मध्यम उत्पन्न वर्षाला तीस-पस्तीस हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे देशाच्या मध्यम उत्पन्नाच्या निम्म्याहूनही कमी. चौघांच्या कुटुंबासाठी सरकारी दारिद्र्यरेषा २०२४ साली ३१,२०० डॉलर होती. म्हणजे काउंटीतलं अगदी 'मधलं' कुटुंब त्या रेषेच्या अवतीभवती उभं आहे. अर्धी काउंटी त्याच्या खाली.

(इथे आपली एक सवय आड येते. डॉलर दिसला की मनातल्या मनात रुपयांनी गुणायचं. तीस हजार डॉलर म्हणजे पंचवीस लाखांच्या वर, मग गरिबी कसली? पण तो माणूस दूध, पेट्रोल आणि डॉक्टर डॉलरमध्येच विकत घेतो. तेव्हा पुढचा सगळा हिशोब डॉलरमध्येच ठेवू.)

खालच्या अर्ध्यासाठी एक आकडा धरून चालू. अमेरिकेत केंद्र सरकारचं किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर अडकलेलं आहे आणि अलाबामाने स्वतःचं वेगळं किमान वेतन ठरवलेलं नाही. आठवड्याचे ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही सुट्टी नाही असं धरलं तर वर्षाची कमाई १५,०८० डॉलर. हा आपला माणूस. याला पुढेही सोबत घेऊन जाऊ.

तीस टक्क्यांचा नियम

घराच्या बाबतीत 'परवडतं' कशाला म्हणायचं याचा अमेरिकेत एक ठरलेला ठोकताळा आहे. घराचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असला तर परवडलं, वर गेला तर नाही. हा ३० कुठून आला? कुठल्याही समीकरणातून नाही. आठवड्याचा पगार महिन्याच्या भाड्याला, असा एक जुना कामगारी संकेत होता. पुढे १९६९ साली सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीमुळे सरकारी घरांचं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर रोखलं गेलं; १९८१ मध्ये सरकारी खर्चाला कात्री लावताना ते २५ चं ३० झालं. तेव्हापासून ३० म्हणजे जणू गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक! आपण इंजिनिअर लोक फॅक्टर ऑफ सेफ्टीबद्दल असंच करतो. आकडा कुठून आला हे विसरतो आणि वापरत राहतो.

या नियमाची गोम उरलेल्या सत्तर टक्क्यांत आहे. ८०,००० कमावणाऱ्याने ३० टक्के घरावर घातले तर त्याच्याकडे ५६,००० उरतात. आपल्या १५,०८० वाल्याने तेच केलं तर उरतात १०,५५६. टक्का सारखाच, नियम दोघांनीही पाळला, दोघांनाही घर 'परवडलं'. पण भाजी, औषध आणि पेट्रोल टक्क्यांत विकत मिळत नाहीत. उत्पन्न पाचपट कमी असलं म्हणून ब्रेडची लादी पाचपट स्वस्त होत नाही. उलट अलाबामा हे किराणा मालावर विक्रीकर लावणाऱ्या मोजक्या राज्यांपैकी एक. राज्याचा हा कर २०२३ पर्यंत ४ टक्के होता, मग ३ झाला, २०२५ मध्ये २ वर आला. त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात की टक्के मोजू नका, गरजा भागवून हातात काय उरतं ते मोजा. मला हेच बरोबर वाटतं. बीमवर लोड किती टक्के वाढला यापेक्षा बीम वाकला का, हा प्रश्न जास्त कामाचा.

आणखी एक खर्च या तीस टक्क्यांत धरलेलाच नाही. गाडी. लाउंड्समध्ये गाडी ही चैन नाही, पायातली चप्पल आहे. चांगल्या नोकऱ्या माँटगोमेरीच्या बाजूला, शहरी बससेवेसारखं काही नाही. एका बाजूचं अंतर २५ मैल धरलं, वर्षाला २५० दिवस धरले, तर १२,५०० मैल होतात. गॅलनला २५ मैल आणि गॅलनचा भाव तीन डॉलर धरा, फक्त पेट्रोलचेच १,५०० डॉलर. आपल्या माणसाच्या कमाईचा दहावा हिस्सा टाकीत गेला. विमा, टायर आणि मेकॅनिक अजून आलेलेच नाहीत. म्हणूनच शिकागोची एक संशोधन संस्था घर आणि प्रवास यांचा खर्च एकत्र मोजते आणि दोन्ही मिळून ४५ टक्क्यांची मर्यादा धरते. या मापाने बघितलं की खेड्यातली बरीच 'स्वस्त' घरं एकदम महाग दिसू लागतात.

पण लाउंड्सची खरी गोष्ट घर आणि गाडीची नाहीच. ती जमिनीखाली आहे. सिव्हिलवाल्यांनी आता सरसावून बसावं.

काळी माती, तिकडची

या पट्ट्याचं नाव ब्लॅक बेल्ट. मूळ नाव पडलं ते मातीच्या काळ्या रंगावरून. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या ब्लॅक कॉटन सॉइलची ही दूरची बहीण. आपली माती बसाल्टच्या खडकातून झाली, तिकडची क्रिटेशियस काळातल्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या खडूसारख्या चुनखडीतून. पण स्वभाव तोच. मॉन्टमोरिलोनाइटच्या कुळातली चिकणमाती. पाणी मिळालं की फुगते, वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन्हीकडे कापूस जोमात येतो. तिकडे याच कापसावर एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या घामातून बागायतदार गबर झाले, आणि आज त्याच गुलामांचे वंशज त्या मातीवर राहतात. घर बांधताना या मातीचं काय करायचं, हे आपल्याला अंडर-रीम्ड पाइलच्या लेक्चरमध्ये शिकवलेलं आहे. घरातलं पाणी बाहेर जाताना ही माती काय करते, हे मात्र फारसं शिकवत नाहीत.

विखुरलेल्या वस्तीत ड्रेनेजची पाइपलाइन नसते. अमेरिकेत आजही पाचातल्या एकाहून जास्त घरांचं सांडपाणी सेप्टिक टँकवर चालतं. टँकमध्ये गाळ खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी सच्छिद्र पाइपांतून खडी भरलेल्या चरांमध्ये सोडतात. तिथून ते मातीत मुरतं आणि मुरता मुरता माती ते गाळते, जंतू मारते. म्हणजे सेप्टिक सिस्टिममधला खरा ट्रीटमेंट प्लँट टँक नाहीच, माती आहे! आणि मातीच मुरवायला तयार नसेल तर?

थोडा हिशोब करू. चौघांच्या घरातून दिवसाला ९०० लिटर सांडपाणी येतं असं धरा. माती चांगली पोयट्याची असेल आणि चौरस मीटरला रोज ३० लिटर पाणी घेत असेल, तर ३० चौरस मीटरचे चर पुरतात. म्हणजे आपल्या होस्टेलच्या दोन खोल्या. आता तीच माती फुगलेली चिकणमाती असून चौरस मीटरला ४ लिटरच घेत असेल तर २२५ चौरस मीटर लागतात. शिवाय पाऊस. तिथे वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पडतो, आणि आपल्यासारखा चार महिन्यांत उरकून घेत नाही, बाराही महिने येत राहतो. हिवाळ्यात ऊन कमी, बाष्पीभवन कमी, माती तुडुंब. तेव्हा जमिनीत एक थेंब जायला जागा नसते. टँकमधलं पाणी मग दोनच ठिकाणी जाऊ शकतं. अंगणात वर येतं, नाहीतर आलं त्या पाइपने परत घरात! संडास, बाथटब आणि सिंकमधून. उन्हाळ्यात भेगा पडल्या की पाइपच हलतात आणि निखळतात. म्हणजे बाराही महिने काही ना काही चालूच.

यावर इंजिनिअरिंगचं उत्तर आहे. मूळ मातीवर बाहेरून आणलेल्या वाळूचा उंचवटा करायचा, टँकमधलं पाणी पंपाने ठरावीक वेळाने थोडं थोडं त्याच्यावर सोडायचं, वाळूने ते गाळायचं आणि मग हळूहळू खाली जाऊ द्यायचं. छान चालतं. परीक्षेत विचारलं तर दहापैकी नऊ मार्क. किंमत? चांगल्या मातीत काही हजारांत होणारी सेप्टिक सिस्टिम इथे पंधरा ते तीस हजार डॉलरवर जाते, कधी त्याहूनही वर. लाउंड्समध्ये बरेच लोक मोबाइल होममध्ये राहतात. कारखान्यात बनवून ट्रकवरून आणून ठेवलेलं घर. जुनं मोबाइल होम बऱ्याचदा या सिस्टिमपेक्षा स्वस्तात मिळतं. म्हणजे घराखालचा संडासाचा खर्च घरापेक्षा जास्त!

आता आपल्या माणसाला परत बोलवू. २०,००० डॉलरची सिस्टिम, पाच टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. हप्ता बसतो महिन्याला १३२ डॉलर, वर्षाला १,५८४. मध्यम कुटुंबाचं उत्पन्न ३३,००० धरलं तर जवळपास पाच टक्के. आपल्या १५,०८० वाल्याच्या कमाईचे साडेदहा टक्के. निव्वळ सांडपाण्यासाठी. आणि हे कर्ज मिळालं तर. त्याला पाच टक्क्यांनी कर्ज देतंय कोण?

सरकार देतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याची घरदुरुस्तीची एक योजना आहे. अत्यल्प उत्पन्न असलेल्या ग्रामीण घरमालकाला एक टक्का व्याजाने, वीस वर्षांच्या मुदतीने ४०,००० डॉलरपर्यंत कर्ज. वय ६२ च्या वर असेल आणि कर्ज फेडण्याची ऐपतच नसेल, तर १०,००० पर्यंत अनुदान. वाचायला झकास. एक टक्क्याने तेच २०,००० घेतले तर हप्ता महिन्याला ९२ डॉलर. व्याज जवळजवळ शून्यावर आणलं तरी आपल्या माणसाच्या कमाईचे सात टक्के गेलेच. इथे एक गोष्ट ठळकपणे दिसते. व्याज कमी करणं म्हणजे अंशाला तासणं. छेद एवढा लहान असेल तर अंश कितीही तासा, भागाकार मोठाच राहतो.

आणि त्यात घरमालक असल्याचा पुरावा लागतो. आता तो तंबूंचा मुद्दा आठवा. गुलामगिरी संपल्यावर आणि पुढे कुळं म्हणून राबून ज्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी थोडी जमीन मिळवली, त्यांनी ती जिवापाड जपली. जमीन आपली असेल तर मत दिलं म्हणून कुणी घराबाहेर काढू शकत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण मृत्युपत्र करायचं म्हणजे वकील आणि कोर्ट, आणि त्या कोर्टावर भरवसा ठेवावा असं काही घडलेलं नव्हतं. आजोबा गेले, जमीन सगळ्या मुलांची झाली. मुलं गेली, सगळ्या नातवंडांची. कुणी शिकागोत, कुणी डेट्रॉइटमध्ये. सातबाऱ्यावर तीस नावं, एक सही कमी, म्हणून अडकलेलं काम आपल्याकडे कुणी पाहिलं नाही? तिकडे बऱ्याचदा ती तीस नावं लिहिलेलीही नसतात. अशा जमिनीला तिथे 'एअर्स प्रॉपर्टी' म्हणतात. त्यावर राहता येतं, पण गहाण ठेवता येत नाही, आणि मालकी सिद्ध करा म्हटलं की अनुदानाचा अर्जही अडतो. मोबाइल होमची आणखी वेगळी तऱ्हा. जमिनीशी जोडून नोंद केली नसेल तर बँक त्याला घर न मानता गाडीसारखी वस्तू मानते. व्याज चढं आणि किंमत दरवर्षी उतरत जाणारी.

मग लोक करतात काय? घरातून एक पीव्हीसी पाइप काढतात आणि मागच्या ओढ्यात, झाडीत किंवा खड्ड्यात सोडतात. याला तिथे 'स्ट्रेट पाइप' म्हणतात. किती घरं अशी आहेत? राज्याच्या आरोग्य खात्याच्या नावावर जो जुना अंदाज सांगितला जातो तो ४० ते ९० टक्के घरांकडे सेप्टिक नाही किंवा पुरेसं नाही असा आहे. ४० ते ९०! व्हायव्हाला असं उत्तर दिलं तर सर बाहेर काढतील. पण या अंदाजावरूनच कळतं की कुणी नीट मोजलेलंच नव्हतं.

पाइप आणि पोलीस

अलाबामात अशा प्रकारे मैला उघड्यावर सोडणं हा गुन्हा आहे. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने कायदा चूक आहे असं कुणी म्हणणार नाही. पण २००० सालाच्या आसपास लाउंड्समध्ये खरोखरच लोकांवर खटले भरले गेले, अटका झाल्या. वर्षाची कमाई पंधरा हजार, सिस्टिमची किंमत वीस हजार, आणि ती बसवली नाही म्हणून पोलीस दारात. दंड भरायचा म्हणजे सिस्टिमसाठी साठवलेले चार पैसेही गेले.

हा प्रकार जगापुढे आणण्यात कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांचा मोठा वाटा. १९५८ चा जन्म, लाउंड्समध्येच वाढलेल्या, शिक्षिका म्हणून काम केलेल्या. त्या घरोघरी फिरल्या, पत्रकार आणि शास्त्रज्ञांना अंगणं दाखवत राहिल्या. २०१७ साली ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या संशोधकांनी इथल्या ५५ जणांच्या शौचाचे नमुने तपासले, त्यांपैकी १९ मध्ये हूकवर्म, म्हणजे आकडेकृमी, सापडला. अमेरिकेतून हा रोग कधीच गेला अशी समजूत होती. नमुना लहान होता, आणि राज्याच्या आरोग्य खात्याने पद्धतीवर शंकाही घेतली, तेव्हा ३५ टक्के काउंटी आजारी असा अर्थ कुणी काढू नये. पण ५५ माणसांत एवढे रुग्ण सापडले, एवढ्यानेच वर्तमानपत्रांचे मथळे भरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे गरिबीविषयक विशेष प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन अलाबामात आले आणि विकसित देशात असं पाहायला मिळत नाही अशा अर्थाचं बोलून गेले. २०२० मध्ये फ्लॉवर्सबाईंना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्याच वर्षी त्यांचं 'वेस्ट' हे पुस्तकही आलं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने नागरी हक्क कायद्याखाली चौकशी सुरू केली आणि मे २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याशी करार झाला. लोकांवर खटले भरणं थांबवायचं, कुठल्या घराची काय अवस्था आहे ते नीट मोजायचं आणि त्याप्रमाणे आराखडा करायचा. म्हणजे पहिल्यांदाच अंश, छेद दोन्ही मोजायची सोय झाली. एप्रिल २०२५ मध्ये नव्या केंद्र सरकारने हा करार वंशभेदाच्या नावाखाली केलेला ठरवून रद्द केला. हाती असलेला निधी पुरेल तोवर सिस्टिम बसवत राहू, असं राज्याच्या आरोग्य खात्याने तेव्हा सांगितलं.

आता कुणी विचारेल, शहरातल्या गरिबाचं काय? त्याला कुठे सांडपाणी फुकट आहे? फुकट नाही, पण त्याच्या पाइपाचा इतिहास वेगळा आहे. १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टनंतर अमेरिकेत गावोगाव जे ट्रीटमेंट प्लँट उभे राहिले, त्यांच्या बांधकामाचा ७५ टक्के खर्च केंद्राने अनुदान म्हणून दिला. पुढे तो वाटा घटला आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अनुदानाची जागा कर्जाने घेतली. पण तोवर शहरांचं बरंचसं काम झालेलं होतं. उरलेला खर्च पालिकेने वीस-तीस वर्षांच्या रोख्यांवर आणि हजारो घरांवर पसरवला. पाइपाच्या बाहेर राहणाऱ्याला यातलं काहीच मिळालं नाही. त्याने स्वतःच प्लँट बांधायचा, स्वतःच्या खिशातून, एकरकमी.

परवडण्याचा सरकारी निकषही पाइपाच्या आतल्यांसाठीच होता. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या १९९७ च्या मार्गदर्शिकेनुसार सांडपाण्याचा खर्च गावाच्या मध्यम उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर गेला की बोजा जास्त समजायचा. लाउंड्सला ही फूटपट्टी लावली तर मध्यम कुटुंबाला वर्षाला ६६० डॉलर, महिन्याला ५५. वर काढलेला १३२ चा हप्ता याच्या दुप्पट-अडीचपट. पण तो हप्ता पालिकेचा नसून एका माणसाचा आहे, म्हणून ही फूटपट्टी त्याला लावायला कुणी येत नाही. शिवाय 'मध्यम' उत्पन्न घेतलं की खालचा अर्धा भाग हिशोबातून गायबच होतो. २०२३ च्या नव्या मार्गदर्शिकेत तळच्या पाचव्या हिश्श्याच्या उत्पन्नाकडे बघायची तरतूद आली. थोडी उशिरा, पण आली.

आणि पाइप आला म्हणजे सुटलो असंही नाही. काउंटीचं मुख्य गाव हेनव्हिल. तिथे गटाराची लाइन आहे, सांडपाणी साठवून शुद्ध करणारं तळं आहे. जोराचा पाऊस झाला की तेच पाणी काही घरांच्या अंगणात आणि संडासांत उलटं येतं, हे अनेकांनी पाहून लिहिलेलं आहे. ही माणसं महिन्याचं बिल भरतात. लाइन आणि तळं नीट ठेवायचं तर पैसा लागतो, तो बिलांतूनच यायचा, आणि बिल भरणारी घरं मोजकी. दोन तालुक्यांत चार हजारांवर घरं, मैलोगणती अंतरावर. घरामागे पाइपाची लांबी वाढते तसा घरामागे खर्च वाढतो. दाट वस्तीत शंभर घरं वाटून घेतात तो खर्च इथे दहा घरांवर येतो, आणि त्या दहा घरांचं उत्पन्नही निम्मं.

मधला मार्ग म्हणून जवळजवळच्या दहा-पंधरा घरांचा एक गट करायचा, गाळ प्रत्येकाच्या टँकमध्येच अडवायचा आणि फक्त पाणी बारीक व्यासाच्या पाइपांतून एका सामाईक युनिटकडे न्यायचं, असा विचार तिकडचे इंजिनिअर मांडतात. खोदकाम कमी, पाइप स्वस्त. मला व्यक्तिशः हा सगळ्यांत व्यवहारी वाटतो, फक्त घरं जवळजवळ हवीत. लाउंड्समध्ये सगळीकडे ती तशी नाहीत.

अनुदानातून बसलेल्या सिस्टिमचंही पुढचं बघावं लागतं. वाळूच्या उंचवट्याला पंप आहे. पंपाला वीज लागते, आणि जुन्या मोबाइल होमचं विजेचं बिल आधीच जास्त, कारण पातळ भिंतींतून एसीची थंडी बाहेर जाते. चार-पाच वर्षांनी टँकमधला गाळ उपसायचा, त्यासाठी टँकर बोलवायचा. पंप कधीतरी जळणार, फ्लोट स्विच अडकणार. बसवण्याचे वीस हजार कुणी दिले तरी हे खर्च त्या १५,०८० मधूनच व्हायचे आहेत. त्यामुळे काही योजनांत घरमालकाकडून महिन्याला ठरावीक छोटी रक्कम घेऊन देखभाल संस्थेनेच करायची, असं ठेवलं आहे. ती रक्कम किती असावी, हा तिथला सध्याचा वादाचा मुद्दा. जास्त ठेवली तर लोक भरत नाहीत, कमी ठेवली तर पंप बदलायच्या वेळी पेटी रिकामी असते.